फोटो परत कोण पाठवणार?



लग्न जुळवण्याच्या व्यवहारात आपल्याकडे एक रीत होती. मुलीची पत्रिका आणि फोटो स्थळाकडे पाठवायचा, आणि पलीकडून नकार आला की फोटो परत मागवायचा. पत्रिकेची नक्कल राहिली तरी फारसे कुणाला वाटत नसे, पण फोटो परत यायलाच हवा. सोबतच्या पत्रात तसे लिहिलेलेही असे. नाही आला तर मुलीचा मामा मध्यस्थाला गाठायचा, दुसरे पत्र टाकायचा. आपल्या मुलीचा चेहरा परक्या घराच्या कपाटात पडून राहू नये, एवढे साधे कारण त्यामागे होते. त्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असे आणि निगेटिव्हचा नंबर असे. निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडे असते हे सगळ्यांना ठाऊक होते. तो स्टुडिओवाला गावातलाच, त्याचे दुकान स्टेशनाजवळ, त्याचा भाऊ आपल्या ओळखीचा. त्याने मुलीचा फोटो विचारल्याशिवाय काचेच्या शोकेसमध्ये लावला, तर संध्याकाळी घरचे कुणीतरी दुकानात उभे राहायचे आणि फोटो उतरायचा.

खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, आपल्या एकत्र कुटुंबांत असले काही नव्हते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी ही रीत आठवून पाहायला सांगते. तिच्यात मुलींना जपण्याच्या नावाखाली त्यांना कोंडून ठेवणेही होते, ते मला मान्य नाही. पण फोटो कुणाकडे आहे, किती काळासाठी आहे, कशासाठी दिला आणि परत कसा मिळेल, हे चार प्रश्न आपल्या आज्ज्यांना पडत होते. आज आपण एआयच्या चित्रयंत्रात फोटो टाकतो तेव्हा यांतला एकही प्रश्न विचारत नाही. आजचे व्याख्यान त्याविषयी आहे.

२०२५ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस चॅटजीपीटीत फोटोवरून चित्र करून देण्याची नवी सोय आली आणि घराघरांतले फोटो जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या शैलीत रंगू लागले. कंपनीने स्वतःच सांगितले की पहिल्या आठवड्यात १३ कोटींहून अधिक लोकांनी ७० कोटींहून अधिक चित्रे करून घेतली. भारत त्यात आघाडीवर होता. मग त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी गूगलचे नॅनो बनाना हे चित्रयंत्र आले आणि सप्टेंबरमध्ये साड्यांची लाट उठली. काळी शिफॉनची साडी, वाऱ्यावर उडणारा पदर, जुन्या हिंदी सिनेमातला उजेड. आपल्याकडे त्याची नऊवारी झाली, नथ झाली, गौरी-गणपतीची आरास झाली. शहाडपासून वांगणीपर्यंत असा एकही कुटुंबाचा ग्रूप नसेल, जिथे त्या दिवसांत कुणीतरी लिहिले नसेल, “वहिनी, बघा तुमचा कसा केलाय!”

त्या वाक्यापाशी मी थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्यात आहे. वहिनींनी फोटो टाकला नव्हता. तो नणंदेने किंवा दिराने टाकला, कौतुकाने टाकला. वहिनींना चित्र तयार झाल्यावर कळले. त्या हसल्या असतील, त्यांना आवडलेही असेल. पण त्यांचा चेहरा, मांडीवरच्या लेकराचा चेहरा, मागच्या भिंतीवरची सासऱ्यांची तसबीर आणि खिडकीतून दिसणारी सोसायटीची पाटी, हे सगळे एका कंपनीच्या संगणकात गेले. ते पाठवायचे की नाही हे त्यांनी ठरवले नाही. या विषयावरचे बहुतेक लेख ‘तुम्ही तुमचा फोटो टाकताना’ अशी सुरुवात करतात. आपल्या घरांत मात्र फोटो टाकणारा एक असतो आणि फोटोत असलेली माणसे दुसरीच असतात.

आता फोटो पाठवल्यावर काय होते ते पाहू. पहिली गोष्ट, फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज मजकूरही असतो: तारीख, वेळ, फोनचे मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर हा मजकूर बहुधा गळून पडतो, मूळ फाइल एखाद्या संकेतस्थळावर चढवली तर तो सोबत जातो. पण समजा तो काढून टाकला. तरी चित्र बोलतेच. अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर काढलेला फोटो कुठला आहे हे सांगायला अक्षांश लागत नाहीत. ते शिल्पकाम दुसरीकडे कुठे नाही, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते देऊळ साऱ्या जगाला माहीत आहे. शाळेचा गणवेश, रिक्षा स्टँडचा फलक, दुकानाच्या पाटीवरचा ‘कॅम्प नंबर ४’, एवढ्यावरून मूल रोज सकाळी कुठे असते ते कळते. याच अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. संरक्षणाच्या कारखान्यांत फोटो काढायला मनाई का असते? कारण कोपऱ्यात नकळत आलेली एखादी गोष्ट जाणत्या माणसाला पुष्कळ काही सांगून जाते. सरकारला हे १९२३ च्या गोपनीयतेच्या कायद्यापासून कळले आहे.

दुसरी गोष्ट साठवणीची. ‘डिलीट केले’ या शब्दांवर आपला फार विश्वास आहे. २०२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने चॅटजीपीटीच्या ओपनएआय या कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने आदेश दिला, की वापरकर्त्यांनी पुसलेली संभाषणेही कंपनीने पुरावा म्हणून राखून ठेवावीत. एरवी ती ३० दिवसांत जायची. तो आदेश सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत लागू होता. उल्हासनगरमधल्या कुणी त्या काळात काही पुसले असेल, तर त्याला या दाव्याची गंधवार्ताही नसणार. गूगलने आपल्या जेमिनी या एआयच्या खाजगीपणाच्या सूचनेत लिहून ठेवले आहे, की काही संभाषणे माणसे वाचतात आणि अशी तपासलेली संभाषणे तीन वर्षांपर्यंत राहू शकतात, म्हणून गोपनीय काही टाकू नका. हे त्यांनी लपवलेले नाही. ते आपण वाचलेले नाही, आणि आपण वाचणार नाही हे त्यांना माहीत आहे.

या मोठ्या कंपन्यांकडे निदान अशी सूचना तरी असते. लाट आली की तिच्यामागे शेकडो नकली अॅप आणि संकेतस्थळे उगवतात. २०२५ च्या मार्चमध्ये एका सुरक्षा संशोधकाने दक्षिण कोरियातल्या एका एआय चित्रकंपनीचा साठा इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडा पडलेला शोधून काढला. त्यात ९० हजारांहून अधिक चित्रे होती आणि त्यांतली कितीतरी कपडे उतरवलेली, काही तर लहान मुलांसारखी दिसणारी. जुलैमध्ये अमेरिकेत ‘टी’ नावाच्या, बायकांच्या सुरक्षेसाठी म्हणून काढलेल्या अॅपमधून सुमारे ७२ हजार चित्रे फुटली. त्यांत ओळख पटवण्यासाठी दिलेले १३ हजार सेल्फी आणि ओळखपत्रे होती. सुरक्षेसाठी गोळा केलेल्या चेहऱ्यांचीच ती गळती होती.

तिसरी गोष्ट म्हणजे ही यंत्रे फोटो खाऊन शिकतात. स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रयंत्रे ज्यावर शिकली, तो ‘लायन-५बी’ हा इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्रांच्या दुव्यांचा संग्रह आहे. २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने त्यातला अगदी छोटा भाग तपासला, तर त्यात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे घरगुती फोटो सापडले. काहींसोबत मुलांची नावे होती, शाळा कळत होत्या. आईबापांनी ते नातेवाइकांसाठी टाकले होते. यंत्र चित्रे जशीच्या तशी साठवत नाही, त्यातून फक्त शिकते, असे सांगितले जाते आणि बहुतांशी ते खरेही आहे. पण २०२३ मध्ये गूगल आणि काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशाच यंत्राकडून शिकवणीतले शंभराच्या आसपास फोटो जवळजवळ जसेच्या तसे काढून दाखवले. कोट्यवधींत शंभर म्हणजे नगण्य, असे कुणी म्हणेल. त्या शंभरांत ज्याचा चेहरा आहे त्याला ते नगण्य नाही.

आता या विषयाचा गाभा. साड्यांच्या लाटेत एका तरुणीने समाजमाध्यमावर सांगितले, की तिने पूर्ण बाह्यांच्या कपड्यातला फोटो दिला आणि यंत्राने केलेल्या चित्रात तिच्या हातावर तीळ दिसला. तो तीळ तिला खरोखर आहे. देशभर घबराट उडाली. ज्येष्ठ पोलीस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनीही त्याच सुमारास लोकांना नकली संकेतस्थळांपासून सावध राहायला सांगितले. तिळाच्या गोष्टीत लोकांना भीती वाटली ती यंत्र आपल्यावर पाळत ठेवते याची. मला त्यात दुसरेच दिसते. फोटोत जे झाकलेले आहे ते अंदाजाने भरून काढणे हेच या यंत्राचे काम आहे. साडी नेसवायची तर आधी बाही काढावी लागते आणि खालचा हात कल्पनेने रंगवावा लागतो. त्याच घडणीचे यंत्र थोड्या वेगळ्या हुकमावर साडीही उतरवते. उघड्या अंगाची चित्रे करणारी अॅप काही निराळ्या विज्ञानावर चालत नाहीत.

म्हणून ‘साधे, अंगभर कपड्यांतले फोटो टाका’ हा जो सल्ला आपण मुलींना देतो, तो निरुपयोगी आहे. बायोडेटाचा फोटो चालतो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा चालतो, हळदीकुंकवाचा चालतो. यंत्राला चेहरा हवा असतो, बाकीचे ते स्वतः रचते. या सल्ल्यात दुसरा दोषही आहे. काही वाईट घडले की आपण आधी मुलीचे फोटो तपासायला लागतो. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका पोलीस अधिकाऱ्याच्या बचावासाठी असा मुद्दा आला होता, की तक्रारदार बाईची चालचलणूक चांगली नाही. न्यायालयाने सांगितले की तिलाही खाजगीपणाचा हक्क आहे, आणि कुणीही मन मानेल तेव्हा तिच्यावर हात टाकू शकत नाही. महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या खटल्यातून हे ठरले. तेव्हा ‘असले फोटो टाकलेच कशाला’ हा प्रश्न निदान आपण तरी बंद करावा.

यातून काय होते ते आसामातल्या दिब्रुगडने २०२५ च्या जुलैत पाहिले. एका विवाहित तरुणीच्या चेहऱ्याचे खाते, मादक चित्रे, चित्रफिती आणि १४ लाख अनुयायी. तिला यातले काही माहीत नव्हते, ती समाजमाध्यमांवर नव्हतीच. तिच्या जुन्या ओळखीच्या, शिकलेल्या, इंजिनिअर असलेल्या माणसाने तिच्या फोटोंवरून एआयने हे सगळे उभे केले, असे पोलिसांनी सांगितले. सुरुवात सूडाने झाली, पुढे त्यातून पैसे मिळू लागले. कुटुंबाला कळले तेव्हा आख्खा देश ती चित्रे पाहून चुकला होता. समाजमाध्यमावर नसणे हा बचाव राहिलेला नाही, हे मला या प्रकरणातून फार टोचते. आपले फोटो आपल्याखेरीज किती जणांच्या फोनमध्ये आहेत, ते आपल्याला मोजताही येणार नाही.

स्पेनमधले आल्मेंद्रालेहो हे गाव साधारण तीस हजार वस्तीचे, म्हणजे बदलापूरपेक्षा कितीतरी लहान. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या वीसहून अधिक मुलींची नग्न चित्रे शाळेच्या ग्रूपांवर फिरू लागली. सगळ्यात लहान मुलगी ११ वर्षांची होती. करणारी मुले त्यांच्याच शाळांतली, त्यांच्याच वयाची. फोटो मुलींच्या स्वतःच्या खात्यांवरचे, पूर्ण कपड्यांतले. पुढच्या वर्षी बाल न्यायालयाने १५ मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. त्या गावातल्या एका आईने हे जाहीरपणे बोलायला सुरुवात केली आणि मग बाकीच्या आया पुढे आल्या. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे चित्र खोटे आहे हे माहीत असूनही ते पाहिलेल्या माणसासमोरून रोज जावे लागते.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण. २०२१-२२ मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या अॅपनी महाराष्ट्रात जो उच्छाद मांडला, तो इथल्या पुष्कळ घरांनी पाहिला आहे. दोन-पाच हजारांच्या कर्जासाठी अॅप उतरवले की ते फोनमधले सगळे नंबर आणि सगळे फोटो ओढून घेई. हप्ता थकला, किंवा न थकताही, कर्जदाराचा चेहरा अश्लील चित्रावर चिकटवून तो सासरी, कामावर, मुलांच्या शिक्षकांना पाठवला जाई. २०२२ च्या मे महिन्यात मालाडच्या एका तरुणाने याच छळाने जीव दिला. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम काढले, की कर्जाच्या अॅपने फोनमधली फोटो-फाइल आणि संपर्कयादी यांना हात लावता कामा नये. नियम योग्यच होता. पण तेव्हा ती चित्रे कुणीतरी बसून हाताने जोडत होते, आणि ती जोडलेली दिसत. आता जोडलेले दिसत नाही, आणि बसणाऱ्या माणसाचीही गरज राहिलेली नाही.

२०२५ सरताना एक्स या समाजमाध्यमावरच्या ग्रोक या एआय यंत्राने हे सगळे चव्हाट्यावर आणले. बायकांनी टाकलेल्या साध्या फोटोंखाली कुणीही लिहायचे, हिचे कपडे बदल, आणि यंत्र ते सर्वांदेखत करून द्यायचे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियंका चतुर्वेदी यांनी माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना पत्र लिहिले, केंद्राने २०२६ च्या जानेवारीत कंपनीला नोटीस दिली. फेब्रुवारीत माहिती-तंत्रज्ञानाचे नियम बदलले: एआयने केलेल्या चित्रावर तसे लेबल हवे, आदेश आल्यावर मजकूर ३६ तासांऐवजी ३ तासांत उतरवायचा, आणि अशा अंगप्रदर्शनाच्या तक्रारीवर २४ ऐवजी २ तासांत कारवाई करायची. हे मला खरोखर उपयोगाचे वाटते. दोन तास हा पोलीस ठाण्यात बसलेल्या बापाला मोजता येणारा वेळ आहे.

बाकी कायद्याची स्थिती सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना तिथून पुढे १८ महिन्यांची मुदत. दंड २५० कोटींपर्यंत आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती हवी आहे. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात दोन दारे उघडी आहेत. एखाद्याने घरगुती, वैयक्तिक कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरली तर कायदा लागू नाही. म्हणजे वहिनींचा फोटो टाकणाऱ्या दिराला हा कायदा काहीच म्हणत नाही. आणि जी माहिती तुम्ही स्वतः जगजाहीर केली, तिलाही तो लागू नाही. तुमचे इन्स्टाग्रामचे खाते सर्वांना खुले असेल, तर तुमचा चेहरा त्या छत्रीबाहेर आहे. पहिली सूट मी समजू शकते, घरात शिरून सरकारने कुणाचे फोटो मोजू नयेत. दुसरी मला चुकीची वाटते. ओळखीच्यांनी बघावा म्हणून लावलेला फोटो यंत्राला शिकवायला दिला, असा अर्थ त्यातून निघता कामा नये. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई कलम २००८ च्या दुरुस्तीत आले, तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या शरीराचा चोरून काढलेला फोटो होता. जे शरीर यंत्राने रचले, त्याला ते कसे लावायचे हा वादाचा मुद्दा होतो, आणि पोलीस मग अश्लीलतेच्या ६७ आणि ६७-अ कडे वळतात. तिथे गुन्हा ठरतो तो अश्लीलतेचा. त्या बाईचा चेहरा पळवला गेला, हे त्यात येतच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने या बाबतीत चांगले निर्णय दिले आहेत. २०२४ मध्ये अरिजित सिंग, २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल थांबवली, सुनील शेट्टी यांना त्यांच्या बनावट चित्रांविरुद्ध दिलासा दिला. पण ही सगळी नामवंतांची ‘व्यक्तिमत्त्व-हक्का’ची प्रकरणे आहेत. ज्या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे त्याला संरक्षण मिळाले. विठ्ठलवाडीच्या जीन्स कारखान्यात धागे कापणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला बाजारभाव नाही. तिच्या चेहऱ्याची किंमत तिच्या घरात आहे, वस्तीत आहे, आणि तो गेला तर तिचे नुकसान गायिकेपेक्षा कमी नाही.

उल्हासनगरविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव मिळाले. कराचीहून बोटीत बसताना किती घरांनी आपले फोटो मागे टाकले असतील! बराकींत राहिलेल्या त्या पिढीकडे पणजोबांचा एखादाच फोटो उरला, कडा झिजलेला, चेहऱ्यावर पाण्याचा डाग. आता नातवाला वाटते, यंत्रात टाकून तो स्वच्छ करावा, रंगीत करावा, आजीला दाखवावा. या इच्छेपुढे मी ‘करू नका’ म्हणू शकत नाही. मृत माणसाचा फोटो टाकल्याने त्याच्यावर कुणी कर्ज काढणार नाही. पण एवढे ध्यानात ठेवावे, की डागाखाली काय होते ते यंत्राला माहीत नसते. ते डोळा भरते, ओठ भरते, दाढीचा केस न् केस भरते, आणि हे सगळे हजारो परक्या चेहऱ्यांच्या सरासरीतून येते. आजी म्हणते, “हे ते नाहीत.” नातू म्हणतो, “अगं, किती स्पष्ट आहे बघ!” चित्र दहा नातेवाइकांकडे जाते, फ्रेममध्ये लागते, आणि पुढच्या पिढीसाठी तोच पणजोबांचा चेहरा होतो. म्हणून मूळ फोटो स्कॅन करून जसाच्या तसा वेगळा ठेवा, रंगवलेल्या चित्राच्या मागे यंत्राने भरल्याचे लिहा. आणि त्याच फोटोत शेजारी उभी असलेली, आज हयात असलेली आत्या असेल, तर आधी तिला विचारा.

बदलापुरात उभे राहून मुलांविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात या शहराने जे सोसले, त्याच्या तपशिलात मी जाणार नाही. त्या प्रकरणातून घेण्यासारखी एकच कायदेशीर गोष्ट सांगते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे २३ वे कलम पीडित बालकाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला मनाई करते. कायदा करणाऱ्यांनी शाळा आणि परिसर हे शब्द मुद्दाम घातले, कारण मूल नावापेक्षा त्याच्या आसपासच्या गोष्टींवरून ओळखू येते. संकट आल्यावर आपण मुलासाठी इतकी काळजी घेतो. एरवी काय करतो? स्नेहसंमेलनाचे दीडशे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर खुले, प्रत्येकात गणवेश आणि शाळेचे नाव. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, त्यावर बाळाचे नाव, वय आणि चेहरा. २०२४ च्या सुरुवातीला तर राज्य शासनानेच विद्यार्थी आणि पालकांना मुख्यमंत्र्यांच्या संदेशासोबत सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवायला सांगितले होते. मुलांचे चेहरे ही प्रचाराच्या उत्साहात गोळा करायची वस्तू आहे, असे शासनाला वाटत असेल तर शाळेला आणि पालकांना का वाटणार नाही?

मग काय करायचे, असे मला विचारले जाईल. माझ्या घरात मी एकच नियम मागितला आणि तो सगळ्यांनी मान्य केला: यंत्रात टाकायचा तो फक्त स्वतःचा फोटो. दुसऱ्याचा टाकायचा तर विचारायचे, आणि समोरची व्यक्ती संकोचाने ‘चालेल’ म्हणतेय का ते ओळखायचे. सून सासूला नाही म्हणू शकत नाही, कामाला येणाऱ्या मावशी मालकिणीला नाही म्हणू शकत नाहीत, तेव्हा विचारणाऱ्याची जबाबदारी जास्त. लहान मुलांचा फोटो टाकायचाच नाही, पाच वर्षांचे मूल हो म्हणाले तरी. स्वतःचा टाकताना मूळ फाइलऐवजी तिचा स्क्रीनशॉट द्यावा, म्हणजे लोकेशन सोबत जात नाही. मागची भिंत कोरी असावी. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या मजकुरावर यंत्राला शिकवण्याची परवानगी बंद करावी, ती बहुतेक ठिकाणी आपल्याला न विचारता चालू असते. ओळखपत्र, आधार, पॅन, एक्स-रे किंवा रिपोर्ट यांचे फोटो गंमत म्हणूनही देऊ नयेत. जाहिरातीतून आलेले, नाव नीट न लिहिलेले अॅप उतरवू नये.

आणि ज्यांच्या बाबतीत वाईट घडून गेले आहे, त्यांच्यासाठी. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून सगळे पुसू नका, आधी स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवा. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. कोणत्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर देता येतो, ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. स्टॉपएनसीआयआय नावाची एक सेवा २०२१ पासून चालते. ती तुमचे चित्र मागत नाही. तुमच्याच फोनवर त्या चित्राचा अंकी ठसा तयार होतो, फक्त ठसा कंपन्यांकडे जातो आणि त्याच्याशी जुळणारे चित्र सहभागी माध्यमांवर अडवले जाते. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. चित्र आपल्याकडेच ठेवूनही त्याचे रक्षण करता येते, हे या लोकांनी करून दाखवले आहे. मग मौजेसाठी चित्र करणाऱ्या कंपन्यांना फोटो फोनबाहेर न नेता काम करणे का जमू नये, असे आपण विचारले पाहिजे. फोनवरच चालणारी यंत्रे आता शक्य आहेत. ग्राहकांनी ती मागितली पाहिजेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांतल्या शाळांकडे माझी एक मागणी आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जासोबत पालकांची जी सही घेतली जाते, तिच्यात फोटोची संमती एका ओळीत मिसळलेली असते. ती वेगळी करावी: शाळेच्या भिंतीवर लावायला हो की नाही, पालकांच्या ग्रूपवर हो की नाही, खुल्या पानावर हो की नाही, एआयने चित्र करायला हो की नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत ढकलायचे नाही, हेही त्यात लिहावे. उल्हासनगर महानगरपालिका आणि दोन्ही नगरपरिषदा आपल्या शाळांपुरता हा अर्ज येत्या शैक्षणिक वर्षापासून करू शकतात, त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. त्याचा मसुदा मी सोबत आणला आहे. मुख्याध्यापक आणि पालक संघाच्या ज्या प्रतिनिधींना तो हवा असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडून घ्यावा. आजच्या सभेचे फोटो काढणाऱ्या कार्यकर्त्यांशीही मी आधीच बोलले आहे. पुढे बसलेल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो ते पानावर टाकणार नाहीत, आणि कुणाला आपला फोटो वगळायचा असेल तर दाराशी ठेवलेल्या वहीत आसनाची रांग लिहावी.